स्ट्रॉबेरी सडली, दोष कुणाचा?

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस विकास विभागाकडून या पानावर येणारा मजकूर बहुधा लागणीचा, बेण्याचा, खोडव्याचा नाहीतर हुमणीचा असतो. या वेळी आम्ही स्ट्रॉबेरीवर लिहीत आहोत हे पाहून काहींना वाटेल, की शेतकी खात्याला काम उरलेले दिसत नाही. काम भरपूर आहे. तोडणीचा प्रोग्राम अजून मागेच आहे आणि रोज सकाळी गट कार्यालयाच्या ओट्यावर दहा-पंधरा मंडळी आमची वाट पाहत बसलेली असतात. परंतु जानेवारीतल्या सहलीनंतर डिंभे गटात जी चर्चा झाली तिच्यात आमचाही आवाज होता, आणि तो चुकीचा होता. तोंडाने पसरवलेली गोष्ट लेखणीने मागे घ्यावी, म्हणून हा प्रपंच.

सहलीची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. सुरू लागणीच्या तोंडावर सभासदांना पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र दाखवावे, असे ठरले होते. ऐन गाळपात सहल काढणे आम्हाला फारसे पसंत नव्हते. पण बेणेमळा पाहायचा तर हीच वेळ. १९३२ साली सुरू झालेले हे केंद्र. आपल्या शिवारात उभा असलेला को ८६०३२ महाराष्ट्रात १९९६ साली प्रसारित झाला तो येथूनच, आणि फुले २६५ तर याच केंद्राची निपज. मंडळींनी बेणे पाहिले, प्रश्न विचारले, वह्या भरल्या. एवढे झाल्यावर सर्वांचे म्हणणे पडले, की इतक्या लांब आलो आहोत तर पाचगणी-महाबळेश्वर करूनच जाऊ. आम्ही नाही म्हटले असते तरी कुणी ऐकले नसते.

दुसऱ्या दिवशी परत येताना भिलारच्या अंगाला, रस्त्याकडेला फळे घेऊन बसलेल्या बायकांपाशी गाडी थांबली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. इंग्रजांनी थंड हवेच्या हौसेपायी आणलेले हे फळ आज त्या डोंगरातल्या शेकडो घरांचे पीक झाले आहे, जसा आपल्याकडे ऊस. फळ ताजे होते, लाल होते, वास घमघमत होता. कुणी एक खोका घेतला, कुणी तीन. आम्ही दोन घेतले.

पुढचा प्रवास मात्र नीट आठवा. वरचे कप्पे पिशव्यांनी भरलेले, म्हणून बरीच खोकी चालकाच्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर रचली. काही टपावर गेली. वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला आणि जेवणाला मिळून दोन तास गेले. तेवढा वेळ गाडी भर उन्हात उभी होती. पुढे पुण्याची गर्दी, मग मंचर, मग घोडेगाव. डिंभ्याला पोचायला रात्रीचे अकरा वाजले. सकाळी पाणी मारून ताजी केलेली फळे चौदा तास तापत, हिंदकळत, एकमेकांच्या अंगावर दबत आली. पोचल्यावर दमलेल्या माणसांनी खोकी तशीच कोपऱ्यात ठेवली आणि अंथरूण गाठले.

सोमवारी गट कार्यालयात दुसरा विषय नव्हता.

"सायेब, त्या बायांनी वरच्या थराला चांगली लावली अन् खाली सडकी भरली."

"आमच्यात तर दुसऱ्याच दिशी बुरशी. पांढरी म्हणू नका, राखाडी म्हणू नका, नुसती लव."

एका ज्येष्ठ सभासदांच्या घरी निराळेच घडले. त्यांनी हौसेने आणलेली फळे सूनबाईंनी स्वच्छ धुऊन, पातेल्यात भरून, वर घट्ट ताटली ठेवून दिली होती. ती सडली तेव्हा बोलणी सूनबाईंना बसली. "पाहुण्यांना द्यायची व्हती, समदी नासवली," असे आबा स्वतःच आम्हाला रागाने सांगत होते.

यावर आम्ही काय म्हणालो? "रस्त्यावरचा माल असाच असायचा. पुढच्या खेपेला गाडी तिथं थांबवायचीच नाही." साहेब म्हणतात म्हटल्यावर ते खरेच असणार. आठवडा उलटायच्या आत आमचे हे वाक्य शिनोलीपासून घोडेगावापर्यंत फिरून आमच्याच कानी परत आले, आणि त्या वेळी आम्हाला त्याची लाज वाटत होती. कारण तोवर आमच्या घरात खोक्यांचा उलगडा झाला होता.

आमची दोन्ही खोकी एकाच बाईकडून घेतलेली, एकाच सीटखाली ठेवून आणलेली. त्यातले एक आम्ही त्याच रात्री उत्साहाने नळाखाली धुतले, हिरवे देठ काढून टाकले, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर गाठ मारली आणि फ्रिजमध्ये ठेवले. कृषी पदविका घेतलेल्या माणसाचे हे काम. दुसरे खोके आमच्या आईच्या हाती लागले. तिने परात घेतली, तळाला धुतलेल्या धोतराचा तुकडा अंथरला, एकेक फळ हातात घेऊन पाहिले. दबलेली वाटीत निराळी काढली आणि मुलांना तेव्हाच खायला घातली. उरलेली परातीत सुटी सुटी मांडली, वर तसलाच पातळ कपडा टाकला आणि फ्रिजच्या खालच्या फळीवर परात सरकवून दिली. मंगळवारी संध्याकाळी आमच्या पिशवीत लाल पाणी आणि राखाडी लव. आईच्या परातीतली फळे शुक्रवारी संपली, तीही खाऊन संपली म्हणून.

आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "करवंदं कधी धुऊन ठेवत्यात का रं? खायच्या वक्ती धुवायची."

तिचे माहेर जुन्या आंबेगावच्या अंगाचे. ते गाव आता हुतात्मा बाबू गेनू सागराच्या पाण्याखाली आहे. स्ट्रॉबेरी तिने म्हातारपणी पाहिली. पण करवंदे, जांभळे, आळू तिच्या हाताखालून पाट्याच्या पाट्या गेलेल्या. आजही भीमाशंकरच्या रस्त्याला आदिवासी भगिनी करवंदे विकतात, ती पानांच्या द्रोणात. द्रोणाला फटी असतात, वारा खेळतो, फळाला घाम येत नाही. आम्ही त्याच फळाच्या जातीचा जीव पिशवीत गाठ मारून कोंडला.

तर सांगायचे ते हे, की त्या बाईने आम्हाला फसवले नव्हते. तिने दिले तेव्हा फळ चांगले होते. ते सडवले बॉनेटने, उन्हाने, नळाच्या पाण्याने आणि आमच्या पिशवीच्या गाठीने. तिच्यावर ठपका ठेवून आम्ही मोकळे झालो, कारण ती उत्तर द्यायला इथे नव्हती.

सभासद बंधूंनो, हे तुमच्याइतके कुणाला समजेल? कोयत्याखालून ऊस रसरशीत निघतो. टोळी मोळ्या बांधते, गाडी भरते. मग कधी ट्रॅक्टर बंद पडतो, कधी कारखान्यात मिल थांबते आणि गाड्या तळावर रांगेत उभ्या राहतात. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडायला हवा तो ऊस दोन-दोन दिवस उन्हात वाळतो. वजन घटते ते सभासदाचे. उतारा घसरला की "ऊसच शिळा आला" असे म्हणायला आम्ही अधिकारी मंडळी तयारच असतो. आपला ऊस शेतात शिळा नव्हता हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितले असेल! आणि ते पुष्कळदा खरे असते, हेही आज लिहूनच टाकतो. मग तोच न्याय भिलारच्या रस्त्यावरच्या बाईला का नको?

आता मुळात हे फळ असे का वागते ते पाहू. आंबा, केळी, चिक्कू ही फळे झाडावरून उतरवल्यावर आढीत पिकतात. स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. देठाजवळ पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घरी ठेवून रंगाने थोडी लाल होईल, पण गोड होणार नाही. तोडल्या क्षणी जी गोडी असेल ती शेवटची. पुढे उतरती कळा. आपल्या उसाचेही असेच. तोडल्यावर उसात साखर वाढत नाही, असलेली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होत जाते आणि तिचे दाणे बनत नाहीत. म्हणून घेताना देठापर्यंत लाल झालेले, तुकतुकीत, हिरवी टोपी ताजी असलेले फळ घ्यावे, आणि खोका उचलून तळ पाहावा. तळाला ओल दिसली तर तो खोका घरी जाईपर्यंत टिकणार नाही.

दुसरे म्हणजे, तोडलेले फळ जिवंत असते, श्वास घेते. शून्य अंश उष्णतामानाला ते जेवढा श्वास घेते, त्याच्या आठ-दहा पट वीस अंशाला घेते. श्वास जितका जोरात तितके आयुष्य कमी. म्हणून कॅलिफोर्नियातले मोठे बागायतदार फळ तोडल्यापासून तासाभरात त्यातून गार वारा ओढून ते थंड करतात आणि शून्य अंशाच्या आसपास, हवेत नव्वद-पंच्याण्णव टक्के ओलावा राखून आठवडाभर टिकवतात. आमची फळे तेवढ्या वेळात बॉनेटवर शेकत होती.

तिसरी गोष्ट बुरशीची. ती राखाडी लव म्हणजे बोट्रायटिस नावाची बुरशी. ती घरात येऊन लागते असे नाही. तिचा प्रवेश पुष्कळदा शेतात फुलातच झालेला असतो, आणि फळ टणक असेतो ती दबून बसते. फळाला मार लागला, रस पाझरला, अंगावर पाणी राहिले, की ती उठते आणि शेजारच्या फळावर जाते. थंडीने तिचा वेग मंदावतो, पण फ्रिजमध्येही ती मरत नाही. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवले की झाले, ही समजूत सोडून द्यावी. एक नासके फळ आत राहिले तर फ्रिज काही करू शकत नाही.

धुण्याबद्दल म्हणून तर आम्ही इतके आग्रहाने लिहीत आहोत. स्ट्रॉबेरीला आंब्यासारखी साल नाही. धुतलेल्या फळाच्या बियांच्या खळग्यांत पाणी बसून राहते आणि ते कपड्याने पुसायला गेले तर फळ चिरडते. देठ काढून धुतले तर देठाच्या भोकातून पाणी आत शिरते व फळ पाणचट होते. तेव्हा ठेवताना धुऊ नये. खायच्या आधी, जेवढी खायची तेवढीच, हिरव्या टोपीसकट वाहत्या पाण्याखाली धरावी आणि टोपी मग काढावी. फवारणीची भीती वाटते म्हणून आधी धुतो, असे काही भगिनी म्हणाल्या. भीती योग्य आहे. खाण्याआधी धुतल्याने तीच काळजी घेतली जाते.

घरी आणल्याबरोबर, कितीही दमलो असलो तरी, खोका उघडून फळे निवडावीत. नासके टाकावे, त्याला चिकटून असलेलेही टाकावे. दबलेले त्याच दिवशी खावे. चांगली उरतील ती परातीत किंवा पसरट डब्यात, तळाला कोरे सुती कापड वा कोरा कागद घालून, एकाच थरात, शक्यतो एकमेकांना न टेकता मांडावीत. छापील वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई खाण्याच्या पदार्थाला लागू देऊ नये. डब्याचे झाकण थोडे उघडे ठेवावे किंवा वर कापड टाकावे. अगदी उघडे ठेवले तर फ्रिजची कोरडी हवा फळ सुकवते, अगदी बंद केले तर घाम धरतो. दोन्हीच्या मधले पाहिजे. फ्रिजच्या दारात ठेवू नये, तिथे दर वेळी ऊन हवा लागते. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको, फळ गोठून नंतर लगदा होतो. रोज एकदा परात बाहेर काढून नजर फिरवावी, ओले झालेले कापड बदलावे. एवढे केले तर चार-पाच दिवस फळ चांगले राहते. त्याहून जास्त दिवसांचा भरवसा आम्ही देणार नाही, आणि कुणी दिला तर विश्वास ठेवू नये.

व्हिनेगरचा उपाय शहरातल्या नातेवाइकांकडून पुष्कळांनी ऐकला आहे. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, त्यात फळे बुडवून काढायची, साध्या पाण्याने खळबळायची आणि पूर्ण कोरडी करून ठेवायची. अंगावरचे जंतू आणि बुरशीचे बीज याने कमी होते, उपाय खोटा नाही. पण त्यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा, पूर्ण कोरडी. पंख्याखाली कपड्यावर पसरून तास-दीड तास ज्याला थांबायचे नाही त्याने हा उद्योग करू नये, कारण अर्धवट ओली फळे न धुतलेल्यांपेक्षा लवकर जातात. आमच्या मते आपल्या धावपळीच्या घरांना आईची परातच बरी. अमेरिकेत पाकशास्त्रावर लिहिणारे हॅरोल्ड मॅकगी यांनी २००९ साली निराळीच युक्ती छापली होती. बावन्न अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्यात स्ट्रॉबेरी तीस सेकंद बुडवायची, मग कोरडी करून थंड करायची. बुरशी दबते, फळ शिजत नाही. पण आमच्याकडे रसाच्या हीटरला उष्णतामापक आहे, स्वयंपाकघरात नाही. अंदाजाने पाणी तापवून हे करू जाल तर कढी होईल.

एका तरुण सभासदाने प्रश्न विचारला, की परदेशात म्हणे स्ट्रॉबेरीच्या थप्पीवर प्लॅस्टिक ओढून आत कर्बवायू सोडतात आणि फळ टिकते, मग आम्ही पिशवीला गाठ मारली तर चुकले कुठे? प्रश्न चांगला आहे. तिथे वायूचे प्रमाण मोजून ठेवतात आणि माल आधी शून्य अंशाजवळ थंड केलेला असतो. आपल्या पिशवीत गरम, ओले फळ असते. त्याचा श्वास पाणी होऊन आतल्या बाजूला थेंबांनी चिकटतो आणि तेच पाणी फळावर गळते. गाठीने वायू थोडाफार कोंडेलही, पण बुरशीला पाणी भरपूर मिळते.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही, किंवा फ्रिज आहे पण वीज नाही, त्यांनीही निराश होऊ नये. पौष-माघात डिंभ्याच्या अंगाला रात्री चांगल्या गार असतात. परात माजघरात, जमिनीवर, चुलीपासून लांब ठेवावी. मुंग्यांसाठी खाली पाण्याची थाळी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांचा एक शीतकक्ष काढला आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी. वीज लागत नाही. बाहेरच्या उन्हाच्या मानाने आत चांगलाच गारवा आणि ओलावा राहतो. भाजीवाल्या सभासदांनी तो बांधून पाहण्यासारखा आहे. मात्र स्ट्रॉबेरी त्यात एखाददुसरा दिवसच जास्त निभावेल. तिला तेवढी थंडी पुरत नाही.

आता आमच्या आवडीच्या भागाकडे येऊ. खोका मोठा आणला आणि चार-पाच दिवसांत खाऊन संपणार नाही असे दिसले, तर फळ नासायची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी साखरेला हात घालावा. ती साखर आपल्याच कारखान्याची, सवलतीच्या दराने घरात आलेली.

उसाची पक्वता पाहायला आम्ही जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन तुमच्या फडात फिरतो, त्याच्यावर आम्ही त्या आठवड्यात स्ट्रॉबेरीचा थेंब टाकून पाहिला. चिटबॉय हसत होता. ब्रिक्स आला आठ. पक्व उसाचा वीसच्या आसपास असतो हे तुम्ही जाणताच. आठ ब्रिक्स म्हणजे शंभर भागांत आठ भाग साखर वगैरे विरघळलेले पदार्थ, बाकी जवळजवळ सगळे पाणी. असल्या पाणीदार फळावर बुरशी वाढली तर नवल नाही. साखर घालून आटवत तोच ब्रिक्स पासष्टच्या पुढे नेला की पाणी आत असूनही साखरेने धरून ठेवलेले असते, बुरशीला ते घेता येत नाही. काकवी पातळ असली तर आंबते आणि घट्ट असली तर वर्षभर राहते, त्यातलाच हा प्रकार.

रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक घरी नसतो, पण तराजू असतो. एक किलो निवडलेली, धुतलेली, देठ काढलेली फळे आणि एक किलो साखर थरावर थर घालून रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी फळे आपल्याच रसात पोहत असतात. आधी रिकामे पातेले वजन करून घ्यावे. मग दोन लिंबांचा रस घालून ढवळत आटवावे, आणि आतला ऐवज दोन किलोंचा एक किलो सहाशे ग्रॅम झाला की उतरवावे. हिशेब सोपा आहे: एक किलो साखर आणि फळातली ऐंशी ग्रॅम, मिळून एक हजार ऐंशी; ती सोळाशेत म्हणजे सदुसष्ट ब्रिक्स. उकळलेल्या, कोरड्या काचेच्या बरणीत गरम असतानाच भरून घट्ट झाकण लावावे. बुरशी धरलेले फळ यात चुकूनही घालू नये. साखर फळ टिकवते, नासलेले सुधारत नाही.

लिंबू कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. एक तर स्ट्रॉबेरीत घट्टपणा आणणारे पेक्टिन कमी असते, आंबटपणाने ते नीट धरते. दुसरे, आंबट रसात उकळताना थोडी साखर फुटते, म्हणून जॅम पुढे दाणेदार होत नाही. कारखान्यात जे होऊ नये म्हणून आम्ही चुना टाकतो, रात्रपाळ्या करतो, तेच इथे मुद्दाम करायचे. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या कारखान्यात बिघडतं ते माझ्या पातेल्यात चालतं." यावर आम्ही काही बोललो नाही.

बर्फाच्या कप्प्यातही फळ राहते. ताटलीत सुटे मांडून आधी दगडासारखे गोठवावे आणि मग पिशवीत भरावे, म्हणजे ढेप होत नाही. सुटल्यावर ते मऊ पडते, नुसते खायला मजा नाही; दुधात घुसळायला चालते. इथे पिशवीला गाठ मारलेली बरी.

हे सर्व लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. भिलार पाहून आल्यापासून डिंभे गटातले तीन-चार सभासद दहा-पंधरा गुंठ्यांवर स्ट्रॉबेरी करून पाहावी असे म्हणत आहेत. रोपे कुठून आणायची, ठिबक, पलंगासारखे गादीवाफे, आच्छादन, असे प्रश्न घेऊन येतात. हवामान कितपत मानवेल ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. आमचे म्हणणे थोड्यावर करून पाहावी, उसाचे क्षेत्र मोडून करू नये. पण एक गोष्ट त्यांना आजच सांगून ठेवली आहे. भीमाशंकरला जाणारा माणूस तुमच्याकडून खोका घेईल, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवील, दर्शन करून रात्री मुंबईला पोचेल आणि सकाळी म्हणेल, "डिंभ्याच्या रस्त्याला फसवतात." तेव्हा पहाटेच्या गारव्यात तोडा, पाणी मारून चकाकी आणू नका, खोका उथळ ठेवा, आणि गिऱ्हाइकाला दोन वाक्ये सांगायला लाजू नका: धुऊन ठेवू नका, कोंडून ठेवू नका. भिलारच्या बाईने आम्हाला हे सांगितले नव्हते का? खरे सांगायचे तर ती काहीतरी सांगत होती. गाडीने हॉर्न वाजवला म्हणून आम्ही पैसे देऊन निघालो.

ज्येष्ठ सभासद आबांना आम्ही घरी जाऊन ही हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, सूनबाईंना हाक मारली आणि, "पोरी, सायबांनी बी पिशवीत सडवली म्हनं," एवढेच म्हणाले. त्या हसल्या. चहा चांगला झाला होता.

पुढच्या जानेवारीत सहल पुन्हा काढायचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नावे गट कार्यालयात नोंदवावीत. येताना पसरट डबा आणि धुतलेले सुती कापड बरोबर घ्यावे. भिलारला गाडी थांबेल. फळे परतीच्या दिवशी सर्वांत शेवटी घेतली जातील, वाईचे दर्शन जातानाच उरकू, आणि बॉनेटवर एकही खोका ठेवू देणार नाही असे चालकाला आधीच सांगण्यात येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी